संशोधन जहाजावर दिवस कसा जातो? (समुद्रावर निघालेल्या बडोदेकरांसाठी)

विश्वामित्रीकाठची (धागाकर्ती)

आपल्या बडोद्याच्या गटात एका काकूंनी विचारलं होतं, "धाकटीची संशोधन जहाजावर निवड झाली आहे, दीड महिना समुद्रात असणार. तिथे दिवसभर करतात काय, खातात काय, झोपतात कुठे?" उत्तर लिहायला घेतलं आणि ते गटातल्या एका निरोपात मावेना, म्हणून हा धागा.

मी समुद्री रसायनशास्त्रात काम करते. शिक्षण आपल्याच सयाजीराव विद्यापीठात, पुढे गोव्याला, आणि तिथून मुरगाव बंदरातून बऱ्याच मोहिमांवर गेले. बडोद्याहून खंभातचं आखात तसं जवळ, पण खोल समुद्र आपल्यापैकी फार थोड्यांनी पाहिलेला असतो. त्यामुळे घरच्यांना काळजी वाटते ती मला पूर्ण समजते.

आधी जहाजाबद्दल. आपल्या देशाकडे खोल समुद्रात जाणारी अशी जहाजं मोजकीच आहेत. 'सागर कन्या' जर्मनीत बांधलेलं, १९८३ पासून कामात. 'सागर निधी' इटलीत बांधलेलं. 'सिंधु साधना' २०१४ पासून, आणि ते बांधलं गेलं आपल्या गुजरातेत. लांबी ऐंशी ते शंभरेक मीटर. शास्त्रज्ञ, विद्यार्थी, अधिकारी आणि खलाशी मिळून पन्नास-साठ माणसं. खाली प्रयोगशाळा, वर केबिनी, आणि बाजूला व मागे मोकळा डेक, जिथे विंच (तार सोडणारं-ओढणारं यंत्र) आणि लोखंडी कमान असते. सगळ्यांचा दिवस त्या डेकवर काय चाललंय त्यावर ठरतो.

जहाज नकाशावर आधी ठरवलेल्या जागी जाऊन थांबतं, त्याला स्टेशन म्हणतात. दोन स्टेशनांमध्ये कधी तीन तास, कधी दहा. स्टेशन रात्री दोनला आलं की काम रात्री दोनला. रविवार नाही, सुट्टी नाही. बहुतेक मोहिमांत शास्त्रज्ञांच्या बारा-बारा तासांच्या दोन तुकड्या करतात, डेकवरचे अधिकारी चार तास काम आणि आठ तास विश्रांती अशा पाळीने चालतात. नोंदवहीत वेळ कायम यूटीसीची, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागे. जेवणाची वेळ जहाजाच्या घड्याळाची. पहिले काही दिवस वार कोणता हेच समजत नाही.

स्टेशनवर सगळ्यात आधी पाण्यात जातं ते सीटीडी. पाण्याची वाहकता, तापमान आणि खोली मोजणारं यंत्र. वाहकतेवरून क्षारता काढतात. यंत्राभोवती गोल मांडलेल्या बारा किंवा चोवीस बाटल्या, दोन्ही तोंडं उघडी. तार सेकंदाला साधारण एक मीटर सुटते, म्हणजे ३,००० मीटर खाली जायलाच पन्नास मिनिटं. आकडे त्याच तारेतून वर पडद्यावर येत असतात: वर २८-२९ अंश, मग एका टप्प्यात तापमान भराभर घसरतं, आणि तळाकडे दोन अंशांच्या आसपास. वर येताना हव्या त्या खोलीवर एकेक बाटली बंद करायची. यंत्र डेकवर आलं की तळाच्या बाटलीला हात लावून बघा. वर ऊन तापलेलं असतं आणि ती बाटली बोटांना गार लागते.

मग खरी धावपळ. प्राणवायूचा नमुना सगळ्यात आधी घ्यायचा, कारण हवा लागली की आकडा बिघडला. रबरी नळी काचेच्या बाटलीच्या तळाशी टेकवायची, एकही बुडबुडा येऊ द्यायचा नाही, पाणी भरून वाहू द्यायचं, लगेच दोन रसायनं सोडून बूच लावायचं. पाण्यात प्राणवायू असेल तर तपकिरी साका (तळाशी बसणारा गाळ) धरतो. अरबी समुद्रात साधारण १५० ते १,००० मीटरच्या पट्ट्यात प्राणवायू जवळजवळ संपलेला असतो, तिथला साका पांढराच राहतो. बाटल्या रॅकमध्ये खोलीप्रमाणे लावल्या की वरच्या गडद तपकिरी, मग फिक्या, मग पांढऱ्या, आणि आणखी खोल गेलं की पुन्हा तपकिरी. पुस्तकात आलेख पाहिला होता, पण तोच समुद्र असा ओळीत उभा राहिलेला पाहिला की झोप उडते.

आता ज्यासाठी खरं तर हा धागा काढला ते. हे सगळं आम्ही करतो असं वाटतं, पण ते पाणी वर आणून देतात दुसरेच. जहाज डुलत असताना तारेवरचा ताण बघत विंच चालवणारा माणूस, दोरीने यंत्र आवरणारे खलाशी, लाटांत जहाज एका जागी धरून ठेवणारा अधिकारी. आमच्या एका मोहिमेत रत्नागिरीकडचे सारंग, म्हणजे खलाशांचे मुकादम, होते. तार ढिली पडली की तिच्या आवाजावरून ते ओळखायचे आणि हात वर करून विंच थांबवायचे, पडद्यावर आकडा हलायच्या आधी. शोधनिबंधात त्यांचं नाव नसतं. काकू, तुमच्या लेकीला एवढं जरूर सांगा, पहिल्या दिवशी प्रयोगशाळा लावायच्या आधी डेकवरच्या सगळ्यांची नावं माहीत करून घे.

दांडियाबाजारची_आई

धन्यवाद गं, मन लावून वाचलं. ह्यांनाही वाचून दाखवलं. विचारणारी मीच. माझे प्रश्न साधे आहेत. तिला बसमध्येसुद्धा मळमळतं, तिचं तिथे कसं होणार? मुली किती असतात? फोन लागतो का? आणि रात्री-अपरात्री डेकवर काम म्हणजे सुरक्षिततेचं काय?

विश्वामित्रीकाठची

काकू, एकेक घेते.

बोट लागणं जवळजवळ सगळ्यांना होतं, जुन्या खलाशांनाही बंदरातून निघाल्यावर एखादा दिवस जड जातो. साधारण दोन-तीन दिवसांत कान आणि डोळे जुळवून घेतात. गोळी मळमळ सुरू व्हायच्या आधी घ्यायची, नंतर ती पोटात टिकत नाही. कोणती गोळी ते आपल्या डॉक्टरांनाच विचारा, काहींनी खूप झोप येते. पोट रिकामं ठेवायचं नाही. खाखरा फार उपयोगी, कोरडा, हलका, पटकन खाता येतो. जहाज मध्यावर आणि खालच्या मजल्यावर कमी हलतं, तिथे बसायचं किंवा बाहेर येऊन क्षितिजाकडे बघायचं. मान खाली घालून पडद्याकडे बघत राहिलं की त्रास वाढतो. झोपताना लाइफ जॅकेट गादीच्या बाहेरच्या कडेखाली सारायचं, गादी भिंतीकडे कलते आणि माणूस लोळत नाही.

मुली आता भरपूर असतात, काही मोहिमांत शास्त्रज्ञांमध्ये निम्म्याच्या आसपास. बहुतेकदा दोघींना एक केबिन. आपल्या अदिती पंत, नागपूरच्या, समुद्रशास्त्रज्ञ, १९८३-८४ च्या मोहिमेत सुदीप्ता सेनगुप्तांबरोबर अंटार्क्टिकाला गेल्या. भारतीय मोहिमेतून तिथे पोचलेल्या त्या दोघी पहिल्या महिला. त्यांच्या वेळी किती गोष्टींसाठी झगडावं लागलं असेल, त्या मानाने आमची वाट सोपी झाली. तरी काही खटकलं तर मुख्य शास्त्रज्ञाकडे किंवा थेट कॅप्टनकडे जायचं, संकोच करायचा नाही, हे तिला घरूनच सांगून पाठवा.

फोनचं म्हणाल तर किनारा दिसेनासा झाला की मोबाइल बंद. उपग्रहावरून इंटरनेट असतं, पण ते सगळ्यांत वाटलेलं आणि हळू. निरोप जातात, व्हिडिओ कॉलची आशा धरू नका. दोन दिवस निरोप आला नाही तर तो ढगांमुळे किंवा कामामुळे, असं धरून चाला.

डेकवर हेल्मेट, पुढून बंद बूट आणि लाइफ जॅकेट घातल्याशिवाय पाय ठेवू देत नाहीत. रात्री एकटं कुणी जात नाही, ब्रिजला, म्हणजे जहाज चालवतात त्या खोलीला, कळवूनच जायचं. समुद्र फार उसळला तर स्टेशन रद्द होतं. तो निर्णय कॅप्टनचा, तिथे शास्त्रज्ञाचं चालत नाही, आणि ते योग्यच आहे.

इंजिनरूम_निवृत्त

ताई, उत्तम धागा. मी मालवाहू जहाजांवर इंजिनिअर होतो, आता मांजलपूरला असतो. संशोधन जहाजावर काम केलेलं नाही, पण खालच्या मजल्यावरचं जग सगळीकडे सारखंच.

वहिनी, सुरक्षिततेबद्दल थोडी भर घालतो. चढल्याबरोबर कवायत होते. सात छोटे भोंगे आणि एक लांब, हा आणीबाणीचा इशारा. ऐकला की हातातलं टाकून ठरलेल्या जागी जमायचं. कुणाची होडी कोणती ते केबिनीत लिहिलेलं असतं. मुलीला म्हणावं, पहिल्याच संध्याकाळी केबिनीपासून होडीपर्यंतची वाट दोनदा चालून बघ, एकदा डोळे मिटून. धुरात दिवे उपयोगाचे नसतात.

डॉक्टर नियमाने शंभर माणसांवरच सक्तीचा आहे, लांबच्या प्रवासासाठी. त्याहून कमी असतील तर एक अधिकारी वैद्यकीय उपचारांचं रीतसर प्रशिक्षण घेतलेला असतो आणि किनाऱ्यावरच्या डॉक्टरांचा सल्ला रेडिओवर किंवा उपग्रहावरून चोवीस तास मिळतो. रोजची औषधं असतील तर पूर्ण मुदतीची आणि वर पंधरा दिवसांची सोबत द्या.

पाण्याचं बऱ्याच जणांना माहीत नसतं. गोडं पाणी टाक्यांतून नेतात, पण लांबच्या प्रवासात ते जहाजावरच बनवतात. इंजिन थंड करणारं पाणी ऐंशी अंशांच्या घरात तापतं. तीच उष्णता वापरून, हवेचा दाब कमी केलेल्या भांड्यात समुद्राचं पाणी पन्नास-साठ अंशांवर उकळवायचं आणि वाफ धरायची. काही जहाजांवर गाळणीचा आरओ असतो. म्हणून अंघोळ आटोपशीर. खलाशी पाणी वाया घालवणाऱ्याला बोलतात, त्याचा राग मानू नये.

कचऱ्याचं म्हणाल तर प्लास्टिकचा तुकडाही समुद्रात टाकायला जगभर बंदी आहे. सगळं वेगळं करून बंदरावर उतरवतात. भाज्यांचे देठ आणि उरलेलं अन्न किनाऱ्यापासून ठरलेल्या अंतरापलीकडेच सोडता येतं, आणि त्याचीही नोंद होते.

खंडेरावमार्केट

वाचतोय. ताई, जेवणाचं लिहा की! दीड महिना भाजी कशी टिकते? आणि शाकाहारी माणसाचं काय?

विश्वामित्रीकाठची

शाकाहाऱ्यांचे हाल होत नाहीत, रोज दोन्ही प्रकार असतात. भाजीचा क्रम ठरलेला. पहिल्या आठवड्यात मेथी, पालक, कोथिंबीर. मग टोमॅटो, वांगी. त्यानंतर कोबी, गाजर, आणि शेवटी भोपळा, बटाटा, कांदा, कडधान्यं आणि गोठवलेले मटार. महिना उलटल्यावर हिरवी मिरची पानात दिसली तरी सगळे खूश होतात.

भंडाऱ्यांबद्दल, म्हणजे जहाजावरच्या स्वयंपाक्यांबद्दल, मला खूप आदर आहे. शेगडीभोवती लोखंडी कठडे असतात, पातेलं त्यांत अडकवून ठेवायचं. समुद्र खवळला की पातेली अर्धीच भरतात, म्हणजे स्वयंपाक दुप्पट वेळा. पन्नास-साठ माणसांच्या पोळ्या, पायाखालची जमीन सरकत असताना. मेसमधल्या टेबलांना कडा असतात आणि वर रबरी जाळी अंथरतात, ताट सरकू नये म्हणून. रात्रपाळीवाल्यांसाठी मध्यरात्री काहीतरी गरम ठेवलेलं असतं. पहाटे तीनला गाळणीवरचं काम संपवून आत आलं आणि झाकलेला उपमा सापडला, तर तो कुणी ठेवलाय ते आठवून सकाळी त्या माणसाला सांगायला हवं.

घरून नेलेला खाऊ सगळ्यांचा होतो. आमची भाकरवडी आणि लीलो चेवडो केरळच्या मुलांनी दोन संध्याकाळींत फस्त केला.

भूशास्त्र_फतेगंज

ताई, मी एमेस्सीला आहे. आमच्या विषयातले लोक जहाजावर काय करतात? नुसता गाळ काढतात का?

विश्वामित्रीकाठची

गाळाला नुसता म्हणू नकोस. लांब, जड नळी तारेने खाली सोडतात, ती स्वतःच्या वजनाने तळात घुसते आणि काही मीटर गाळाचा दंडगोल घेऊन वर येते. खोल समुद्रात किनाऱ्यापासून दूर हजार वर्षांत काही मिलिमीटरच थर साचतो, त्यामुळे हातभर गाळात हजारो वर्षांचा मान्सून असतो. त्यातले सूक्ष्म कवचधारी जीव वेचून जुनं तापमान काढतात. नळी डेकवर आली की वरचं टोक कोणतं ते ताबडतोब लिहायचं. दंडगोल कापून पन्हाळीत ठेवला की रंगांचे पट्टे दिसतात, राखाडी, हिरवट, तपकिरी. तू ते पाहशील तेव्हा माझं म्हणणं पटेल.

शिवाय तुमच्याच विषयातली मोठी गोष्ट, २६ जानेवारी १९८१ ला 'गवेषणी' या आपल्या जहाजाने समुद्रतळावरून पहिल्यांदा बहुधातू गोळे वर आणले. मँगनीज, निकेल, तांबं, कोबाल्ट असलेले बटाट्याएवढे काळे गोळे, दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर वाढणारे. आज मध्य हिंदी महासागरात ७५,००० चौरस किलोमीटर क्षेत्र शोधासाठी भारताकडे आहे, ते त्या दिवसापासून सुरू झालेल्या कामामुळे. त्या तळावर जीवसृष्टीही आहे आणि ती फार सावकाश वाढते. उपसण्याआधी तिचा अभ्यास व्हायलाच हवा असं माझं ठाम मत आहे.

लष्करवाला (ग्वाल्हेर)

धागा छान. एक प्रामाणिक प्रश्न. आम्ही समुद्रापासून इतके दूर. एवढा खर्च, माणसांचे एवढे कष्ट, याचा आमच्यापर्यंत काय उपयोग पोचतो?

विश्वामित्रीकाठची

दादा, प्रश्न बरोबर आहे आणि उत्तर बडोद्याच्या घराघरांत शिरलेलं आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी आमच्या सोसायट्यांत आलं. तो पाऊस ज्या खोल कमी दाबाच्या पट्ट्याने पाडला, तो मध्य प्रदेशावरून, म्हणजे तुमच्याच बाजूने, गुजरातवर आला, इथे पाऊस पाडून पुढे अरबी समुद्रात उतरला आणि ३० ऑगस्टला त्याचं 'असना' चक्रीवादळ झालं. ऑगस्टमध्ये अरबी समुद्रात चक्रीवादळ १९७६ नंतर पहिल्यांदाच.

जमिनीवर विझत जाणारी प्रणाली समुद्रात उतरून वाढते तेव्हा खालच्या पाण्यात उष्णता किती आहे हे कळावं लागतं. उपग्रहाला पाण्याचा वरचा पापुद्रा दिसतो. पन्नास-शंभर मीटर खालपर्यंत पाणी किती गरम आहे ते तिथे जाऊन किंवा तिथे यंत्र ठेवूनच मोजता येतं. अर्गो नावाचे तरंगक त्यासाठी आहेत. १,००० मीटरवर वाहत राहतात, दर दहा दिवसांनी २,००० मीटरपर्यंत उतरून मोजत मोजत वर येतात आणि आकडे उपग्रहाला देतात. आपल्याकडे ते हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्री माहिती केंद्रात पोचतात. पण हे तरंगक समुद्रात सोडतं कोण? जहाज. त्यांचे आकडे बरोबर आहेत का हे तपासायला शेजारी सीटीडी उतरवतं कोण? जहाज. नांगरलेल्या बोयांची (एका जागी तरंगत मोजणाऱ्या यंत्रांची) दुरुस्ती, संवेदक बदलणं, तेही जहाजच. तुमच्या मोबाइलवर पावसाचा अंदाज येतो त्यात रात्री दोनच्या स्टेशनचं पाणी आहे.

इंजिनरूम_निवृत्त

+१. आणि त्या बोयांना मासेमारीच्या होड्या बांधून ठेवतात, कधी ते मोडतात, कधी त्यांतलं सामान काढून नेतात. हे थांबलं पाहिजे. ज्यांचा जीव वादळात जातो त्यांच्याच कामाचे आहेत ते.

मांडवीची_मनू

ताई, कंटाळा येत नाही? एकटं वाटत नाही? मी असते तर आठवड्यात वेडी झाले असते.

विश्वामित्रीकाठची

काम असताना कंटाळा येत नाही, झोप कमी पडते. एकटं वाटतं ते लांबच्या प्रवासात, दोन स्टेशनांत तीन-तीन दिवस नुसतं चालत राहायचं असतं तेव्हा. उदाहरणार्थ गोव्याहून मॉरिशसकडे जाताना. तेव्हा घड्याळंही मागे घेतात, मॉरिशस आपल्यापेक्षा दीड तास मागे. अशा दिवसांत मेसमध्ये कॅरम, व्यायामाच्या खोलीत सायकल, आणि संध्याकाळी मागच्या डेकवर सगळे. विषुववृत्त ओलांडताना पहिल्यांदा जाणाऱ्यांची वरुणराजासमोर हजेरी घ्यायची जुनी रीत आहे, ती बऱ्याच जहाजांवर पाळतात. गणपतीत समुद्रावर असलो तर सुपारीचा गणपती बसतो. कोकणातले खलाशी आणि आम्ही मिळून मेसमध्ये आरती, कुणाला पाठ नसली तरी टाळ्या सगळ्यांच्या. मोदक भंडारी करतात, तेही तामिळ असले तर नारळाचं सारण अधिकच चांगलं जमतं.

आणि बघायला काय काय असतं! सकाळी डेकवर पडलेले उडते मासे. रात्री स्टेशनवर दिव्यांच्या उजेडात गोळा होणारे माकूळ. हिवाळ्यात उत्तर अरबी समुद्रात नॉक्टिल्युका नावाच्या जीवामुळे पाणी दिवसा हिरवं दिसतं आणि रात्री जहाजाच्या पाठीमागे निळसर उजळत जातं. हे पाहताना शेजारी कुणी उभं असलं की बोलणं आपोआप सुरू होतं, त्यातून झालेली मैत्री वर्षानुवर्षं टिकते. तरीही ज्याला मनाने जड वाटतंय त्याने गप्प राहू नये. केबिनीतच पडून राहणाऱ्या, जेवायला न येणाऱ्या माणसाची चौकशी करणं हे इतरांचं कामच आहे.

खंडेरावमार्केट

वाह! पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत. ताई, फोटो असतील तर टाका, विशेषतः त्या पांढऱ्या-तपकिरी बाटल्यांचा.

विश्वामित्रीकाठची

मोहिमेचे फोटो संस्थेला विचारल्याशिवाय टाकता येत नाहीत. परवानगी मिळाली की टाकते.

दांडियाबाजारची_आई

सगळ्यांचे मनापासून आभार. तिला धागा पाठवला, तिने दोनदा वाचला म्हणे. आता शेवटचं, सामानात काय द्यावं? मुरगावला सोडायला आम्ही येऊ शकतो का?

विश्वामित्रीकाठची

काकू, बॅग मऊ द्या, चाकांची कडक पेटी केबिनीत ठेवायला जागा नसते. सुती कपडे, आणि प्रयोगशाळेत वातानुकूलन जोरात असतं म्हणून दोन स्वेटर. पुढून बंद, तळ न घसरणारे बूट. दोन पाण्याच्या बाटल्या, मळमळीच्या गोळ्या, मलमपट्टी, पाळीचं सामान पूर्ण मुदतीचं आणि थोडं जास्त, कारण वाटेत दुकान नाही. डायरी कागदाची, पेन्सिलीसकट. ओल्या हाताने पेन चालत नाही. लाडू द्या, पण हवाबंद डब्यात. छुंद्याची बरणी काचेची नको.

बंदराच्या आत जायला प्रत्येकाला प्रवेशपत्र लागतं, ते संस्था फक्त मोहिमेतल्या लोकांचं काढते. तुम्ही वास्कोपर्यंत या, फाटकाबाहेर भेटा. तिचं मूळ ओळखपत्र आणि वैद्यकीय दाखला हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगेत नको, फाटकावर तेच आधी मागतात. जहाज निघायची वेळ भरतीवर आणि बंदराच्या परवानगीवर पुढेमागे होते, त्यामुळे परतीचं तिकीट दुसऱ्या दिवशीचं काढा.